मुंबईत राहून पूर्वजांचा शोध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या भावकीची वंशावळ मी बरीच वर्षं जुळवते आहे. मुंबई, चिपळूण, राजापूर असं ते काम पसरलेलं आहे. ओळखीतून ओळख निघत गेली आणि इतर घरांतले लोकही प्रश्न पाठवू लागले. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट सगळ्या उत्तरांत येईल: कुठलाही कागद हाती आला की तो कोणत्या कामासाठी लिहिला होता ते आधी बघा. सारा वसूल करायला लिहिलेल्या कागदात खातेदार सापडतो, त्याची बहीण सापडत नाही. ती शोधायला वेगळा कागद लागतो.

१. मला आजोबांच्या वडिलांचं नावसुद्धा माहीत नाही. सुरुवात कुठून करू?

घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून, आणि याच आठवड्यात. कचेऱ्यांतले कागद पुढच्या वर्षीही तिथेच असतील. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, मध्ये मध्ये तोडू नका.

"पूर्वजांची नावं सांगा" असं विचारलं की माणूस गप्प होतो. "तुमच्या लग्नात मुंडावळ्या कोणी बांधल्या?", "सुतक कोणाकोणाच्या घरी धरायचे?", "शिमग्याला पालखी आधी कोणाच्या दारात यायची?" असं विचारा. सुतकाचा प्रश्न मी कधीच सोडत नाही. ज्या घरांना एकमेकांचं सुतक लागतं ती घरं एका मूळ पुरुषाची, हे गावाने पिढ्यान् पिढ्या लक्षात ठेवलेलं असतं. नातं नेमकं कसं ते कोणाला सांगता आलं नाही तरी घरांची यादी पक्की मिळते.

दुसरी जागा म्हणजे पितृपक्षातली यादी. महालय श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबर आईकडच्या पितरांची, काका, आत्या, मामा, मावशी यांचीही नावं घेतात. बऱ्याच घरांत ती एखाद्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेली असते, नाहीतर घरच्या गुरुजींकडे असते. तिथे तिथीही मिळते. त्यावरून मृत्यूचा महिना आणि पक्ष कळतो, साल कळत नाही. सालासाठी पुढचा प्रश्न पाहा.

२. आजी साल सांगत नाही, "रामदास बुडाली तेव्हा मी पोटुशी होते" असं सांगते. याचा काय उपयोग?

फार मोठा उपयोग. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडाली. म्हणजे आजीचं ते मूल १९४७ च्या उत्तरार्धात किंवा १९४८ च्या सुरुवातीला झालं. आता जन्मनोंद शोधायला हाताशी मोजकेच महिने उरले.

अशा खुणांची एक यादी जवळ ठेवा. मुंबईतली प्लेगची साथ १८९६ मध्ये सुरू झाली. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, साथ १९१८ ची. गोदीतला स्फोट १४ एप्रिल १९४४ चा, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, मोठा दुष्काळ १९७२ चा, गिरणी संप १८ जानेवारी १९८२ पासूनचा. "प्लेगात गावी गेले ते परत आलेच नाहीत" हे वाक्य मी किमान दहा घरांत ऐकलं आहे. मात्र मुंबईत प्लेग पुढची कित्येक वर्षं येत राहिला, त्यामुळे "प्लेगात" म्हणजे १८९६ च, असं धरू नका.

३. गावचा सातबारा काढला, त्यावर फक्त आजोबांचं नाव आहे. मागे कसं जायचं?

सातबारा हे आजचं चित्र झालं. मागचा रस्ता फेरफारातून, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदीतून, जातो. खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात आकडे दिसतात, ते फेरफार क्रमांक. त्या क्रमांकाचा फेरफार मागा. खातेदार वारल्यावर जी वारस नोंद होते तिच्यात मजकूर साधारण असा असतो: अमुक खातेदार अमुक तारखेला मयत, त्यांस वारस मुलगे इतके, मुली इतक्या, पत्नी अमुक. एका फेरफारात कधी कधी तीन पिढ्या समोर येतात. तिथून आधीचा फेरफार, मग त्याच्या आधीचा, असं पायरी पायरीने उतरायचं. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आल्यानंतरच्या नोंदींत मुलींची नावंही बरीच दिसू लागतात.

दोन अक्षरगट नीट ओळखा. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नाव थोरल्या भावाचं असलं तरी जमीन सगळ्या भावांची असते. हे न कळल्यामुळे "आमच्या आजोबांचं गावात काहीच नव्हतं" असं पक्कं समजून बसलेले लोक मला भेटले आहेत. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता: खातेदार तेव्हा लहान होता आणि आई किंवा काका त्याच्या वतीने उभे होते. मग बाप त्याआधीच वारला असावा, म्हणजे मृत्यूची एक मर्यादा हाती आली.

काही जिल्ह्यांचे जुने फेरफार आणि सातबारे सरकारच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत. बाकीच्यांसाठी तालुक्याच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा लागतो. तिथेच गाव नमुना १४ मागा. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. ती गावची जन्म-मृत्यूची नोंदवही. जुन्या पानांवर बापाचं नाव आणि जातही लिहिलेली असते, आणि बरीच पानं मोडीत असतात (प्रश्न ७).

४. गावात आमची जमीन नव्हती, घरही नाही. आजोबा गिरणीत होते. मग काहीच मिळणार नाही का?

मिळतं, पण ते मुंबईतच शोधावं लागतं. गिरण्या बंद पडल्या आणि बहुतेकांचे मस्टर गेले. तरी कामगाराच्या घरात कागद उरले. तिकीट नंबर असलेला पास, हजेरी कार्ड, ई.एस.आय.चं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची पावती. फंडाच्या नामनिर्देशनाच्या कागदात वारसाचं नाव आणि नातं लिहिलेलं असतं. म्हाडाच्या गिरणी कामगार घरांसाठी अर्ज करताना लोकांनी हेच कागद शोधून काढले, तेव्हा आधी त्या फायलीची झेरॉक्स घरात कोणाकडे आहे का विचारा.

दुसरा खजिना म्हणजे गावाचं मुंबईतलं मंडळ. लालबाग, परळ, शिवडी, वरळीच्या चाळींत एकेका गावाची खोली असे आणि तिथे गावचे पुरुष पाळ्या लावून राहत. मंडळाच्या वर्गणीच्या वह्या, इतिवृत्तं, देवळाच्या जीर्णोद्धाराच्या देणगीदारांच्या याद्या, रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिका बघा. वर्गणीच्या यादीत वाडीप्रमाणे नावं असतात. ज्यांची जमीन नव्हती त्यांनीही वर्गणी दिलेली असते, म्हणून सातबाऱ्यावर कधीच न आलेला माणूस इथे वाडीच्या नावासकट सापडतो. या वह्या कुठल्याही सरकारी दप्तरात नाहीत. खोली विकली जाते त्या दिवशी रद्दीत जातात. तुमच्या मंडळाची अशी एखादी ट्रंक असेल तर फोटो काढून ठेवा, ही कळकळीची विनंती.

शाळाही विसरू नका. प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरच्या उताऱ्यात जन्मस्थळ, जात, पालकाचं नाव आणि आधीची शाळा मिळते. जन्मतारीख १ जून असेल तर जपून. घरच्यांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी हीच तारीख लिहीत.

५. मुंबईत जन्मलेल्या पणजोबांची जन्मनोंद महापालिकेत सापडत नाही. का?

तीन कारणं नेहमी निघतात.

पहिलं, मूल नावाने नोंदलेलंच नसतं. जुन्या नोंदीत 'मुलगा' किंवा 'मुलगी', बापाचं नाव, पत्ता आणि तारीख एवढंच असतं, कारण बारसं व्हायच्या आधी नोंद झालेली असते. म्हणून बापाच्या नावाने आणि पत्त्याने शोधा.

दुसरं, वॉर्ड चुकतो. जन्म जिथे झाला तिथली नोंद असते, कुटुंब जिथे राहत होतं तिथली नव्हे. प्रसूतिगृह दुसऱ्या वॉर्डात असेल तर तिकडे जावं लागेल.

तिसरं कारण लोकांना ठाऊकच नसतं. आजची मुंबई तेव्हा मुंबईत नव्हती. महापालिकेची हद्द १९५० मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये उत्तरेकडे वाढली. १९४० साली बोरिवलीत किंवा मुलुंडमध्ये जन्मलेलं मूल मुंबई महापालिकेच्या तेव्हाच्या वहीत असणारच नाही. ते तिथल्या त्या वेळच्या स्थानिक संस्थेच्या किंवा गावच्या नोंदीत असेल.

शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी. घर गिरगावात असलं तरी थोरल्या मुलाचा जन्म त्याच्या आईच्या माहेरच्या कोतवाल बुकात असतो (प्रश्न ३ आणि १०).

६. जुन्या कागदावर जिल्हा वेगळाच आहे. आमचं गाव कणकवली, कागद म्हणतो रत्नागिरी. चूक कोणाची?

कोणाचीच नाही. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला. रायगडचं नाव त्याच वर्षापर्यंत कुलाबा होतं. पालघर १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाण्यात होतं. सावंतवाडी आणि जंजिरा ही १९४८ पर्यंत संस्थानं होती, त्यामुळे त्यांचे त्याआधीचे कागद ब्रिटिश जिल्ह्याच्या दप्तरात शोधू नका. मराठवाड्यातली गावं १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती, तिथल्या नोंदी उर्दूतही असतात.

७. कागद मोडीत आहे आणि साल भलतंच लिहिलंय. काय करू?

आधी साल सोडवू. शक असेल तर ७८ मिळवा. आपल्याकडचा फसली सन असेल तर ५९०, म्हणजे फसली १३१० हे साधारण १९००-०१. शुहूर सन असेल तर ५९९ मिळवा. तो बहुधा अरबी शब्दांत, एककापासून सुरू करून लिहितात. 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, ११७३, इसवी सन १७७२-७३. फसली आणि शुहूर वर्षं मृगाच्या सुमारास, जूनमध्ये बदलतात, म्हणून एका आकड्यात इसवी सनाची दोन वर्षं येतात.

मोडी शिकता येते. पुराभिलेख संचालनालय वर्ग भरवतं, आणि रोज तासभर दिला तर काही महिन्यांत नावं वाचता येऊ लागतात. आधी ओळ आखलेली, मग हात न उचलता अक्षरं, शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. म्हणून नाव अक्षर अक्षर लावत वाचू नका. 'बिन' आणि 'वल्लद' हे शब्द डोळ्यांत भरेपर्यंत पानं चाळा. दोन्हींचा अर्थ 'चा मुलगा'. ते ओळखले की त्यांच्या आधी मुलगा आणि नंतर बाप. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात मोडी वाचणाऱ्यांना मागणी वाढली आहे. पैसे देऊन वाचून घेत असाल तर लिप्यंतर ओळीला ओळ मागा, नुसता सारांश घेऊ नका.

८. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे खरंच आपल्या घराण्याची नावं असतात का?

घरातलं कोणी तिथे विधीला गेलं असेल तर असण्याची शक्यता चांगली. या वह्यांना नामावळी म्हणतात. आलेला यजमान आपलं, बापाचं, भावांचं, मुलांचं नाव आणि गाव लिहून सही करतो. पुढच्या खेपेला त्याचा नातू तेच पान उघडतो. काशी, गया, प्रयागलाही अशीच पद्धत आहे. जाताना आडनावापेक्षा मूळ गाव आणि तालुका नीट सांगा, कारण कोणत्या उपाध्यायांकडे जायचं ते बहुधा त्यावर ठरतं. दक्षिणा द्या, पान बघा, फोटोची परवानगी मागा, आणि आपली पिढी लिहून या. लेकी-सुनांची नावंही लिहा.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागातल्या घरांनी हेळव्यांची, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांभाळणाऱ्या फिरत्या लोकांची, चौकशी करावी. सुगीनंतर ते आपल्या ठरलेल्या घरांना येतात, पिढ्या म्हणून दाखवतात, नवी नावं वहीत घालतात आणि धान्य किंवा पैसे घेऊन जातात. घर मुंबईला हललं की फेरी तुटते. गावातल्या चुलत्याला विचारून ठेवलं तर ती पुन्हा जोडता येते.

९. आमच्या आडनावाचा कुलवृत्तांत छापलेला आहे. तोच घेतला तर चालेल?

शोधाची सुरुवात म्हणून उत्तम. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संस्थेत चौकशी करा. अलीकडच्या चार-पाच पिढ्यांची माहिती पत्र पाठवून गोळा केलेली असते, ती बरीचशी भरवशाची. ज्यांनी पत्राला उत्तर दिलं नाही त्यांची शाखा मात्र तिथेच थांबते. 'वंश खुंटला' असं छापलेली एक शाखा मला काळाचौकीत नांदती सापडली.

मूळ पुरुषाच्या आधीची कथा, राजघराण्याशी किंवा ऋषीशी जोडलेली, श्रद्धेने वाचावी आणि वंशावळीत वेगळ्या पानावर ठेवावी. "आमचे पूर्वज पेशव्यांकडे होते" असं घरी सांगत असतील तर इनामाचा कागद शोधा. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने इनामदारांकडून कैफियती आणि वंशावळी मागवल्या. हक्क टिकवायला पिढ्या सांगाव्याच लागत. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे आणि मुंबईत काळा घोड्याला, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत, राज्याचं अभिलेखागार आहे. एवढं ध्यानात ठेवा की ही वंशावळ हक्क सांगणाऱ्याने दिली आहे. ज्या भावाशी वाद होता त्याचं नाव तिच्यातून गळलेलं असू शकतं.

१०. वंशावळीत पुरुषच पुरुष आहेत. आजीचं, पणजीचं माहेर कसं शोधू?

हा प्रश्न सगळ्यात कमी लोक विचारतात. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लग्नात आडनाव बदलायचं, पुष्कळदा नावही बदलायचं. एका बाईचे दोन भाग दोन गावांत दोन नावांनी पडून असतात आणि ते जोडणारा कागद एकच, लग्नाचा. जुनी लग्नपत्रिका, आहेराची वही, मामाचं पत्र, काहीही चालेल.

काहीच नसेल तर माळ्यावरची भांडी उतरवा. आमच्याकडे पणजीचं माहेर खारेपाटणचं असं सगळे सांगत. एका दिवाळीत तिची पितळी कळशी मी चिंच लावून घासत होते. गळ्याखाली ठिपके ठिपके हाताला लागले. उजेडात तिरकी धरली तेव्हा टोचून काढलेली अक्षरं वाचता आली: 'चि. ताईस मामाकडून, मु. विजयदुर्ग, शके १८५३'. मामा विजयदुर्गचे, म्हणजे पणजीच्या आईचं माहेर विजयदुर्ग. त्या एका ओळीवर मी तिकडचं घर शोधलं आणि तिथल्या एका म्हाताऱ्या काकूंनी पणजीचं लग्नाआधीचं नाव सांगितलं. आमच्या घरात ते नाव ऐंशी वर्षांत कोणी उच्चारलं नव्हतं.

सरकारी कागदांत बायका दिसतात त्या वारस म्हणून (प्रश्न ३), फंडाच्या नामनिर्देशनात (प्रश्न ४) आणि माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडताना. बहिणींनी भावांच्या नावे केलेल्या हक्कसोडपत्रात सासरचं पूर्ण नाव आणि पत्ता असतो. दस्त नोंदवलेला असेल तर दुय्यम निबंधकांकडच्या सूची क्रमांक दोनमध्ये सापडतो.

११. गावात आम्ही परब, मुंबईच्या कागदात गावकर. दोन घराणी की एक?

बहुधा एक. कोकणातून आलेल्या माणसाला मुंबईत आडनाव विचारलं की तो कधी गावावरून, कधी मानावरून, कधी हुद्द्यावरून सांगे, आणि सख्ख्या भावांनी वेगवेगळी लावली असंही होतं. काही मस्टरांत नुसतं नाव आणि बापाचं नाव. जुळवणी आडनावावर करू नका. माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव-वाडी आणि कुलदैवत या चारांतल्या तीन गोष्टी जुळल्या तर पुढे जा. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत असल्यामुळे नुसत्या नाव-बापाच्या जोडीवर फसगत होते, पिढी एकाड एक तीच जोडी येते. आडनाव रीतसर बदललं असेल तर राजपत्रात जाहिरात असते.

१२. एकच माणूस दोन वंशावळींत दिसतो. कोणती खरी?

दोन्ही. दत्तक गेला असेल तर जन्मदात्याच्या घरीही त्याचं नाव असतं आणि दत्तकघरीही. दोन्हीकडे लिहा, मध्ये तुटक रेघ ओढा आणि दत्तकपत्राचं साल टाका.

१३. जात पडताळणीसाठी किती जुना पुरावा लागतो? घरी केलेली वंशावळ चालते का?

त्या त्या प्रवर्गाच्या मानीव दिनांकाच्या, म्हणजे त्यासाठी ठरवून दिलेल्या तारखेच्या, आधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते आणि तिच्यातल्या ज्या माणसाचा पुरावा जोडलाय तो तुमचा कोण, हे प्रत्येक पायरीला कागदाने दाखवावं लागतं. अंदाजाने जोडलेली पायरी शपथेवर लिहू नका. महार वतनदार घरांनी वतनाच्या नोंदी जरूर बघाव्यात. ही वतनं रद्द करणारा कायदा १९५८ चा आहे, आणि त्याआधीच्या कागदांत वतनदारांची नावं मिळतात.

१४. आम्ही ख्रिस्ती आहोत (किंवा बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू). आम्हाला यातलं काय लागू?

जमिनीचे, शाळेचे, गिरणीचे कागद सगळ्यांना सारखेच. वसई-उत्तनपासून गिरगावपर्यंतच्या ईस्ट इंडियन आणि इतर कॅथलिक घरांना चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या वह्यांचा मोठा आधार आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईबापांबरोबर धर्ममातापिता असतात, ते बहुतेकदा जवळचे नातलग. जुन्या नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीजमध्ये मिळतील. बेने इस्रायली घरांची आडनावं दिवेकर, पेणकर अशी गावावरून आहेत, त्यामुळे मूळ गाव आधीच हातात असतं. मशीद बंदरचं शआर हारहामीम हे सिनेगॉग १७९६ चं. तिथली जुनी मंडळी आणि दफनभूमीतले दगड यांपासून सुरुवात करा. दगडावरची हिब्रू तारीख फोटोत नीट येईल असं पाहा.

१५. दुसऱ्या शाखेतल्या लोकांना माहिती द्यावी का? जमिनीवरून भांडण आहे.

मेलेल्या माणसांची माहिती मोकळेपणाने द्या. हयात माणसांचं नाव आणि नातं एवढंच, तेही त्यांना विचारून. जन्मतारीख, पत्ता, आधारचे फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकू नका.

भांडण असेल तर पहिल्याच फोनवर सांगा की मला सातबाऱ्याशी काम नाही, नावं हवी आहेत. आणि मागण्याआधी द्या. मी राजापूरच्या शाखेकडे गेले तेव्हा त्यांच्या आजोबांचा १९३८ चा शाळेचा उतारा घेऊन गेले, तो मला मुंबईत मिळाला होता. दारातच उभं ठेवलं होतं. काकांनी उतारा वाचला, आत हाक मारून चहा टाकायला सांगितला आणि देव्हाऱ्याखालची वही काढली. तिच्यात आमच्या बाजूची सहा नावं होती. त्यांतली दोन मुलं लहानपणीच गेलेली, आमच्याकडे कोणालाच माहीत नव्हती. आता ती दोन्ही वंशावळीत आहेत, भावंडांच्या रांगेत, आपापल्या जागी.